ग्रामपंचायतीने 'सल्लागार गट' केलाय आणि त्यात मला घेतलंय, आता करू काय?

तळकोकणी
२५ सप्टेंबर २०२३, रात्री १०.४०

मंडळी, गणपती झाले. आमचे पाच दिवसांचे, परवाच विसर्जन झालं. दरवर्षी गणपतीत देवळात बैठक होते, मुंबई मंडळवाले आणि गाववाले एकत्र बसतात, हिशेब वाचतात, दोघंतिघं भांडतात, चहा होतो नि उठतात. या वर्षी सरपंचबाईंनी (पहिल्यांदाच निवडून आल्यात, डोक्याने तल्लख आहेत) मधेच उभं राहून जाहीर केलं की गावात चार पैसे कसे येतील नि पोरं गावात कशी टिकतील यावर ग्रामपंचायतीला सल्ला द्यायला एक गट करूया, बिनपगारी, आणि नावं तिथेच घ्यायला सुरुवात. मी २६ वर्षं मुंबईत एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्स सांभाळून २०२१ ला गावी परत आलो, म्हणजे सगळ्यांच्या मते रिकामटेकडा, त्यामुळे माझं नाव पहिलं.

एकूण ११ जण. चार मुंबई मंडळाचे, एक पुण्यात आयटीत, दोन निवृत्त मास्तर, एक रिक्षावाला कम ठेकेदार, एक पोस्टातून रिटायर झालेले, मी, आणि एक बाई. बाई का, तर कुणीतरी म्हणालं एक तरी बाई पाहिजे हो.

पहिली मीटिंग त्याच रात्री झाली. निघालेल्या आयडिया: होम स्टे, कयाकिंग (खाडी आमच्यापासून चार किलोमीटर), भिलारसारखं पुस्तकांचं गाव, बांबू, हळद, सेल्फी पॉइंट. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अहवाल मांडायचाय आणि तो लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. गाव सिंधुदुर्गात, कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधे कुठेतरी समजा. उंबरे १८०, त्यातली ६० घरं वर्षातून दोनदाच उघडतात, गणपतीला आणि शिमग्याला. कुणी असलं काही केलंय का? कशापासून सुरुवात करू?

खवचट खापर
२५ सप्टेंबर, रात्री ११.०२

सेल्फी पॉइंट आला म्हणजे अहवाल पूर्ण झाला की. खाली 'आय लव्ह' आणि गावाचं नाव, लाल बदाम, उद्घाटनाला आमदार. अजून काय पाहिजे.

घाटमाथा
२६ सप्टेंबर, सकाळी ७.१५

खापरराव सकाळी सकाळी हसवलंत. पण भिलारबद्दल बोलतो, आमच्याच जिल्ह्यातलं आहे. मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, घराघरात मंदिरात शाळेत पुस्तकं ठेवली, लई भारी काम आहे, जाऊन बघा जरूर. पण ते गाव आहे कुठं ते आधी बघा, पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर, स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात. माणसं तिथनं हजारोंनी आधीच जात होती, पुस्तकं नंतर आली. शिवाय मागं राज्य सरकार आणि राज्य मराठी विकास संस्था उभी होती. तुमच्या गावावरनं रोज किती गाड्या जातात ते एका रविवारी नाक्यावर बसून मोजा, मग होम स्टेचं ठरवा.

निवृत्त ग्रामसेवक
२६ सप्टेंबर, दुपारी १.३०

तळकोकणी साहेब, अहवाल एवढ्यात लिहू नका. मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो, चार तालुके फिरलो, असे अहवाल मी कपाटात लावलेत, नंतर कसर लागली म्हणून फेकलेत पण. लिहिणाऱ्यांचा दोष नसतो, ग्रामपंचायत काय करू शकते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतीचे म्हणून दिलेत, त्यात लघुउद्योग आहे, अन्नप्रक्रिया आहे, बाजार आहे, दारिद्र्य निर्मूलन आहे. कागद भक्कम आहे. आता पैसा बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला येतो, बाकी दहा-दहा पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. आलेल्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच. समजा १० लाख आले तर ६ तिकडे गेले. राहिलेल्या ४ लाखांकडे प्रत्येक वॉर्डाचा मेंबर डोळे लावून बसलेला असतो, माझी पाखाडी, माझी गटार. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी. त्यातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग, हे बाजूला काढावंच लागतं. उरलं त्यात दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार.

तर माझा सल्ला असा की ग्रामपंचायतीच्या पैशावर उभी राहणारी एकही योजना लिहू नका. पंचायत तुम्हाला ठराव देईल, दाखला देईल, असली तर जागा देईल, आणि नाव देईल. याची किंमत कमी समजू नका, तालुक्याच्या ऑफिसात ठरावाशिवाय कुणी खुर्ची दाखवत नाही.

आणि गटाला आधी कागदावर आणा. देवळात नावं घेतली त्याला काही अर्थ नाही, उद्या सरपंच बदलला की तुम्ही कोण? ग्रामपंचायत कायद्यात कलम ४९ खाली ग्रामविकास समिती आहे, ती ग्रामसभा करते. नाहीतर 'आमचं गाव आमचा विकास' (पंचायतीचा वार्षिक आराखडा करायचा कार्यक्रम) मधे संसाधन गट असतो त्यात नावं घाला. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होतं, वेळ बरोब्बर आहे. ग्रामसभेला कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमवायची जबाबदारी तुमच्या ११ जणांनी घेतली तरी पहिलं काम झालं म्हणायचं.

बे एरिया बंड्या
२६ सप्टेंबर, रात्री ९.५५

मी मूळ कुडाळचा, १८ वर्षं कॅलिफोर्नियात. मस्त इनिशिएटिव्ह! मला वाटतं तुम्ही लोकल विचार करताय, मार्केट ग्लोबल आहे. एक अॅप बनवा, गावातला प्रत्येक शेतकरी त्याच्यावर आपला माल लिस्ट करेल, काजू कोकम आंबा सगळं, डायरेक्ट टू कस्टमर, मधला दलाल आउट. ब्रँडिंग मी फुकट करून देतो, लोगोला आठवडा लागेल.

मालवणी मसालो
२६ सप्टेंबर, रात्री १०.२०

बंड्यानू, अॅप काढशात तुमी पण रेंज खय आसा? आमच्या वाडीत फोन लावचो तर देवळाकडे जावचा लागता. माल लिस्ट कोण करतलो, माझी सासू?

आता सगळ्यांना कळेल असं लिहिते. मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात राहते, लग्न होऊन आले त्याला १४ वर्षं झाली. आमच्याकडे पण असा गट झाला होता, मुंबईवाल्यांचाच, गणपतीत आले, फळ्यावर काहीतरी लिहिलं, गेले. आमका कोण इचारुक इलो नाय. विचारलं असतं तर सांगितलं असतं की आधी वांदरांचं बघा. भाजी लावली की वांदर, भात पिकलं की गवे, नारळ तर कोवळेच पाडून टाकतात. लोकांनी परसात काही लावणंच सोडलंय.

मोहफूल
२७ सप्टेंबर, दुपारी १२.१०

मी नागपूरची, पण गडचिरोलीत बरीच वर्षं काम केलंय. तुमचा प्रश्न वाचून मेंढा-लेखा आठवलं. धानोरा तालुक्यातलं गोंड गाव, 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे ज्यांचं वाक्य आहे ते. सगळे त्यांचा वनहक्क सांगतात, २००९ ला १८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ ला बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला, ते सगळं खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथे अभ्यासगट चालायचा हे कमी लोकांना माहीत असतं. एखादा विषय घ्यायचा, बाहेरचं कुणी जाणकार असेल तर त्यालाही बसवायचं, माहिती काढायची, कायदा वाचायचा, तासन्‌तास बोलायचं. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही मतदानाने नाही, सगळे हो म्हणेपर्यंत.

आता तुमचे ११ जण बघा. देवळात बसले आणि एका रात्रीत सहा उत्तरं काढून मोकळे. काहून बाप्पा इतकी घाई? तुम्ही प्रश्न काढा ना, उत्तरं गावाला काढू द्या.

खवचट खापर
२७ सप्टेंबर, दुपारी १२.३२

सगळे हो म्हणेपर्यंत? आमच्या सोसायटीत टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला चार वर्षं लागली.

उमेदवाली
२७ सप्टेंबर, रात्री ८.४५

मी लातूरकडची, बचत गटांचं काम करते. भाऊ तुमच्या यादीत एकच बाई आहे ते वाचूनच मी समजले. तुमच्याकडं बाप्ये मुंबईला, गावात राहणार कोण तर बाया आणि म्हातारे, मग धंदा करणार कोण? आमच्याकडं पण पुरुष मंडळी दाल मिलचं प्रपोजल घेऊन बसायलेत तीन वर्षं झाली, शेवटी दहा बायांनी मिळून डाळ करून विकायला सुरू केली, लहानच हाय पण चालू हाय. गावात बचत गट किती हाईत, त्यातले चालू किती, अंतर्गत कर्ज फिरतंय का नुसतं पुस्तकात हाय, एवढं आधी बघा. पीएमएफएमई म्हणून लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना हाय २०२० पासून, त्यात गटातल्या प्रत्येक बाईला ४० हजारापर्यंत बीज भांडवल मिळतं खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी, आणि युनिट टाकायचं तर ३५ टक्के अनुदान, १० लाखाच्या आत. पण कागद लई लागतात, तिथं तुमच्यासारखा हिशेबातला माणूस कामाचा.

तळकोकणी
५ ऑक्टोबर, रात्री ११.१५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो. अहवाल लिहिला नाही. सरपंचबाईंना जाऊन सांगितलं की आम्ही आधी मोजदाद करतो, त्या म्हणाल्या बरं झालं, मला त्या कयाकिंगचीच भीती वाटत होती. ग्रामसभेला कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली, तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून आठवड्याने ठेवली [हे वाक्य संपादित: तारीख ९ ऑक्टोबर ठरली आहे]. गटाचा ठराव त्यात घेणार. नावं आता १५, त्यात ७ बायका. मुंबईचे दोघं स्वतःहून गळले, कारण फॉर्म घेऊन घरोघर जायचंय म्हटल्यावर त्यांना सुट्टी नव्हती.

पुण्याच्या आयटीवाल्या पोराने फॉर्म केला. मी म्हटलं चारच प्रश्न ठेव. घरात राहतं कोण, वर्षभरात गावाबाहेर काय विकलं नि किती, कुणाला विकलं, आणि काय विकत आणलं.

निवृत्त ग्रामसेवक
६ ऑक्टोबर, सकाळी ९.००

चौथा प्रश्न फार चांगला. तो कुणी विचारत नाही.

घाटमाथा
६ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

मोजदादीवरनं आठवलं, हिवरे बाजार. नगर जिल्ह्यातलं. पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पद्मश्री २०२० ची. लोक जातात, झाडं बघतात, फोटो काढतात नि येतात. मला तिथलं सगळ्यात भारी काय वाटलं तर पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांना जनावरांना किती लागेल ते बाजूला काढायचं आणि उरल्या पाण्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. म्हणजे गावातल्या हुशार माणसांनी आकडा ठेवला पुढं आणि गावानं ऐकलं. पण ऐकलं का, तर आधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, दारूबंदी हे स्वतः पाळलं होतं. आमच्याकडं सल्ला देणाऱ्याच्याच शेतात चार बोअर.

तळकोकणी
३ डिसेंबर २०२३, रात्री १०.०५

दोन महिने गायब होतो, सॉरी. मोजदाद झाली. मास्तर आणि बायका मिळून सगळी १२० उघडी घरं केली, एका घरी दोनदोनदा जावं लागलं कारण पहिल्यांदा कुणी खरं सांगत नाही. (एका आजोबांनी काजू 'नाय ओ, खंयचो काजू' सांगितलं आणि मागच्या पडवीत अकरा पोती.)

काय विकत आणतो त्या यादीत नारळ निघाला. कोकणात, नारळ, आठवडी बाजारातून. वांदरांमुळे. मालवणी मसालो ताई, तुम्हाला दंडवत.

आणि गावाबाहेर काय जातं तर काजू बी. साधारण २६ टन, दाराशी टेम्पो येतो, गेल्या सीझनला ११० ते १२० रुपये किलो. म्हणजे तीस लाखाच्या आसपास. आमच्या बैठकीत लगेच सुरू झालं की सगळा काजू गावातच फोडायचा, फॅक्टरी टाकायची, आणि नेमकी तिथे माझी २६ वर्षांची सवय उपयोगी आली. चार किलो बीला एक किलो गर धरा. बी ११५ ने ४६० झाले. वाफवणं, फोडणं, ड्रायर, सोलणं, निवडणं, पॅकिंग धरून कमीतकमी शंभर. ५६०. व्यापाऱ्याला अख्खा ३२० नंबर (म्हणजे पौंडात ३२० पर्यंत गर बसतात तो, नंबर जेवढा कमी तेवढा काजू मोठा, हे मला स्वतःला ५४ व्या वर्षी कळलं) दिला तर सहाशेच्या थोडं वर. तुकडा पाकळी (फुटलेला नि दोन फाका झालेला गर) त्याच्याही खाली. म्हणजे व्यापाऱ्यालाच द्यायचा असेल तर उद्योग करायची गरजच नाही, बी विकून घरी झोपावं. गिऱ्हाइकाला थेट ८००-८५० ने गेला तरच काही उरतं. आणि थेट गिऱ्हाईक आम्हाला २६ टनाला कुठून मिळणार, आफ्रिकेतून बी आणून फोडणारे मोठे कारखाने बसलेत समोर. म्हणून ठरवलं की फक्त २ टन. दोनच. मुंबई मंडळाची माणसं आणि त्यांचे शेजारी खातील एवढा.

एका बचत गटाच्या आठ बायका तयार आहेत. दोघी पूर्वी वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात जात होत्या, चिकाने बोटं काळी झालेली दाखवली, म्हणाल्या आमका सगळा येता, बोटांक तेल नि राख लावली काय झाला.

बे एरिया बंड्या
४ डिसेंबर, सकाळी ६.३०

ओके, अॅपचं मागे घेतो. हे एक्सेल मला पाठवाल का? मी असं युनिट इकॉनॉमिक्स आमच्या स्टार्टअपमधे कुणी केलेलं बघितलं नाही, खोटं नाही सांगत.

निवृत्त ग्रामसेवक
४ डिसेंबर, दुपारी २.००

जागा कुठे? पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळा डोक्यात असेल तर आधीच सांगतो, इमारत जिल्हा परिषदेची आहे, ग्रामपंचायत परस्पर कुणाला देऊ शकत नाही. परवानगीला वर्ष जाईल.

तळकोकणी
४ डिसेंबर, रात्री ९.१०

तीच डोक्यात होती हो. तुमचा प्रतिसाद बैठकीत वाचून दाखवला, पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

उमेदवाली
५ डिसेंबर, रात्री ८.००

भाऊ जागेपेक्षा मोठा प्रश्न राहिला की. काजू एप्रिलमधेच घ्यावा लागतो ना सगळा? मग वर्षभराचं भांडवल एकदम एप्रिलमधी पाहिजे. बीज भांडवल तोवर येईल याची खात्री धरू नका.

तळकोकणी
१८ फेब्रुवारी २०२४, रात्री ११.३०

ताई, तोंडात साखर पडो म्हणणार नाही कारण तुम्ही म्हणालात तसंच झालं. अर्ज केलाय, पण युनिटच्या कर्जाला जागेचा कागद पाहिजे आणि इथे आमच्या कोकणाचं खरं दुखणं सुरू होतं. एक बंद घर आहे, त्याच्या मागे मोठा मांगर (शेतमाल ठेवायची शेड), कौलं शाबूत, विहीर जवळ, सगळं उत्तम. पण सातबारा सामाईक. नऊ हिस्सेदार. डोंबिवली, विरार, नालासोपारा, एक बडोद्याला, एकाचा पत्ता कुणालाच माहीत नाही, आणि दोन भाऊ एका फणसाच्या झाडावरून १९ वर्षं बोलत नाहीत.

हे काम गावातल्या माणसाला जन्मात जमलं नसतं. मुंबई मंडळाचे जे दोघं राहिलेत त्यांनी केलं. दर रविवारी लोकल पकडून एकेका घरी जायचं, चहा प्यायचा, त्यांच्या आजोबांच्या गोष्टी ऐकायच्या, मग संमतीपत्र काढायचं. ११ महिन्यांचं भाडेपत्र, भाडं वर्षाला ९ किलो काजू, प्रत्येकाला एक. आठ सह्या झाल्या. नववा सापडला, पण म्हणतो फणस कुणाचा ते आधी ठरवा.

बँकेने (नाव घेत नाही) आठ सह्यांवर कर्ज नाही म्हणून सांगितलं. तसं ते बरोबरच आहे त्यांचं. मोठं युनिट या वर्षी नाही.

मोहफूल
१९ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

रविवार घालवणारे ते दोघं कोण आहेत त्यांना माझा नमस्कार सांगा.

खवचट खापर
१९ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

फणसाचा निकाल लागला की इथे टाका. बाकी काजूचं नंतर.

तळकोकणी
७ एप्रिल २०२४, रात्री १०.२५

१६ मार्चला आचारसंहिता लागली आणि तालुक्यात जो तो निवडणुकीच्या कामाला. आमच्या बीज भांडवलाची फाईल आहे तिथेच आहे. १ मेची ग्रामसभा पण काही होत नाही. इकडे काजू पडायला लागला, टेम्पो दारात फिरतोय.

शिमग्याला मुंबईवाले आले तेव्हा बैठक घेतली. देवळाच्या सभामंडपाचा निधी पडून आहे, त्यातून बिनव्याजी द्यावा असं एक जण म्हणाला आणि असा गोंधळ झाला की बस. देवाचे पैसे धंद्याला? मला पण ते बरोबर वाटलं नाही, उद्या काजू खवट झाला तर देवाला काय तोंड दाखवायचं. शेवटी आमच्या गटातल्या पोस्टवाल्या अण्णांनी तोड काढली. देवाचे नको, आपापले. दहा हजार एकाचे, गणपतीपर्यंत, परत पाहिजेत तर पैसे नाहीतर काजू. २३ जणांनी दिले. २ लाख ३० हजार. माझा हिशेब होता २ टन गुणिले ११५, रुपयाचा फरक नाही, मला त्या रात्री झोप आली नाही.

पैसे बचत गटाच्या खात्यात, आमच्या गटाच्या नाही. यावर पण वाद झाला. सरपंचबाई म्हणाल्या तुम्ही सल्लागार, तुमच्याकडे चेकबुक कशाला.

निवृत्त ग्रामसेवक
८ एप्रिल, सकाळी ८.४५

बाई पुढच्या वेळी पण निवडून येणार.

मालवणी मसालो
८ एप्रिल, दुपारी ३.३०

बी चांगली चार दिस वाळवा, ओली भरली तर पावसात बुरशी. आणि ओले काजूगर कुणी विकले का? आमच्याकडे फेब्रुवारीत शेकड्यावर विकतात, फोडायला कटकट पण भाव सुक्यापेक्षा बरा. पुढच्या वर्षी थोडे ओलेच काढा, भांडवल लागत नाही, सकाळी काढले की दुपारी पैसे.

तळकोकणी
८ एप्रिल, रात्री ९.००

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहून घेतलं.

तळकोकणी
१६ सप्टेंबर २०२४, रात्री १०.५०

गणपती झाले परत. हिशेब देतो, उधारी नको.

मशिनरी विकत घेतली नाही. एका बंद पडलेल्या युनिटमधून चार कटर, छोटा बॉयलर आणि ड्रायर भाड्याने आणले. जूनपासून बायका पावसात फोडत होत्या, सकाळची भाकरी आटपून दहा ते चार. २ हजार किलो बीचा गर निघाला ४७० किलो, म्हणजे मी धरलेल्यापेक्षा ३० किलो कमी, पहिल्या दोन खेपा जास्त वाफवल्या गेल्या. त्यात अख्खा ३१०, पाकळी-तुकडा १६०. तुकडा फार झाला, एक तृतीयांश. हात बसायला वेळ लागतो म्हणतात. अख्खा ८५० ने, तुकडा ६०० ने, सगळा गणपतीच्या आधी नि गणपतीत खपला. जमा ३ लाख ५९ हजार ५००. बी गेली २ लाख ३० हजार. भाडं, लाकूड, वीज, पाकिटं, एसटीचं पार्सल मिळून २८ हजार. आठ बायकांचे ४८ दिवस, २५० रुपये रोज, ९६ हजार. शिल्लक ५ हजार ५००.

एवढंच. वर्षभर १५ माणसं धावली आणि नफा साडेपाच हजार, असं बैठकीत एकाने ऐकवलंच. त्यावर त्या आठातली एक बाई, एरवी कधी बोलत नाही, ती म्हणाली की माझ्या घरात पावसात बारा हजार पयल्यांदा इले, तुमचो नफो तुमी बगा.

२३ पैकी १४ जणांनी पैसे परत घेतले, नऊ जण म्हणाले राहू द्या पुढच्या एप्रिलला. बीज भांडवलाची फाईल ऑगस्टमधे हलली म्हणे, आली की सांगतो. पुढच्या वर्षी बायकाच ३ टन म्हणतायत, मी दोनावर अडून आहे, आमचं जमत नाहीये. ग्रामसभेत काय ते होईल. वांदरांवर मात्र आमच्या गटाला अजून काही सुचलेलं नाही, वन खात्याला दोन पत्रं गेली, पोच आली.

बे एरिया बंड्या
१७ सप्टेंबर, सकाळी ७.१०

पुढच्या एप्रिलला माझे दहा हजार धरा. काजू मला इथे नको. आईकडे कुडाळला पोचवा.

उमेदवाली
१७ सप्टेंबर, रात्री ८.२०

३ टन करू द्या भाऊ. तुकडा कमी झाला की तुमचा हिशेब आपोआप बसतो. बायांना नाही म्हणू नका पहिल्याच वर्षी.

खवचट खापर
१७ सप्टेंबर, रात्री ८.४१

दोन किलो पाकळी पाहिजे, दिवाळीला बायको कतली करणार म्हणते. आणि फणसाचं काय झालं?

तळकोकणी
१७ सप्टेंबर, रात्री ९.३०

पाकळी संपली, अख्ख्यातला पण आता घरचाच काय तो राहिला. दोन किलोचं नाव लिहून ठेवतो, पण पुढच्या सीझनचं, या दिवाळीला बाजारातून आणा.

फणस जुलैच्या वाऱ्यात पडला. आता लाकूड कुणाचं यावर चाललंय. नवव्याची सही अजून नाही.